वर्गाचा उपयोग झाला, हे कशावरून?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून बारावीच्या मुलांसाठी एक वर्ग चालवतो. 'महाविद्यालय पूर्वतयारी वर्ग' असं त्याचं भारदस्त नाव आहे. मुलं त्याला 'रविवारचा वर्ग' म्हणतात. ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशी ही मुलं. त्यांना थोडं इंग्रजी, थोडं गणित, टिपणं कशी काढायची, ग्रंथालयात पुस्तक कसं शोधायचं, प्राध्यापकांना शंका कशी विचारायची, असं सगळं आम्ही शिकवतो. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. त्यामुळे वर्षअखेरीस अहवाल लिहिण्याचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

पहिली काही वर्षं मी झकास अहवाल लिहिले. वर्गाला बसलेल्या मुलांपैकी किती जणांनी पुढे प्रवेश घेतला, तो आकडा मोठ्या टाइपात. सोबत दोन-तीन मुलांची मनोगतं आणि दीपप्रज्वलनाचा फोटो. आकडा नेहमीच चांगला असायचा. वर्गाचा खर्च एक विश्वस्त संस्था उचलते. तिच्या बैठकीत हा अहवाल वाचला जायचा, टाळ्या व्हायच्या, चहा व्हायचा, पुढच्या वर्षीची रक्कम मंजूर व्हायची.

एका वर्षी बैठकीला नवे विश्वस्त आले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. कर्ज देण्याआधी दहा प्रश्न विचारायची त्यांची सवय सुटलेली नव्हती. त्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "सर, एवढी मुलं कॉलेजात गेली, आनंद आहे. पण ही मुलं तुमच्या वर्गाला आलीच नसती, तर त्यांतली किती गेली असती?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि संख्याशास्त्राच्या माणसाला हा प्रश्न दुसऱ्याने विचारावा लागावा, याची लाज वाटली ती वेगळीच. परीक्षेत हाच प्रश्न मी मुलांना कितीदा घातला होता! स्वतःच्या कामाला मात्र तो कधी लावला नव्हता.

आता हा प्रश्न नेमका काय आहे ते पाहू. रविवारी सकाळी सहा किलोमीटर सायकल मारून वर्गाला येणारं पोर कोण असतं? ज्याला शिकायची ओढ आहे, ज्याची आई म्हणते 'जा बाबा, शेळ्यांचं मी बघते', असं पोर. शिवाय आमच्याकडे जागांपेक्षा अर्ज जास्त यायचे, म्हणून आम्ही दहावीच्या गुणांवर निवड करायचो. म्हणजे आधीच होतकरू असलेली मुलं, त्यांतून पुन्हा वेचून आम्ही घ्यायची आणि पुढे ती कॉलेजात गेली की श्रेय वर्गाचं! काळ्या कसदार रानात नवं बियाणं पेरावं, माळरानावर जुनं पेरावं आणि पीक आल्यावर बियाण्याची जाहिरात करावी, तसलाच हा प्रकार.

शेतीचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. या प्रश्नाचं उत्तर मुळात शेतीतूनच आलं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड नावाचं जुनं शेतकी संशोधन केंद्र आहे. तिथे १९१९ साली रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ कामाला लागला. कोणत्या खताने खरंच पीक वाढतं, हे ठरवायचं तर जमिनीचा कस, ओल, उतार हे सगळं मध्ये येतं. फिशरने सांगितलं, कोणत्या वाफ्याला खत घालायचं ते आपल्या मर्जीने ठरवू नका, चिठ्ठी टाकून ठरवा. मग कसदार वाफे दोन्हीकडे साधारण सारखे विभागले जातात आणि जो फरक उरतो तो खताचा, किंवा योगायोगाचा. योगायोग किती असू शकतो, याचा हिशेब मांडता येतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला पीककापणी प्रयोग ठाऊक आहे. गावाची पैसेवारी, पीकविमा यांच्या बोलण्यात हा शब्द येतोच. त्यातही शेत कोणतं निवडायचं हे तलाठ्याच्या किंवा सरपंचांच्या मर्जीवर नसतं, यादृच्छिक आकड्यांनी ठरतं. ही पद्धत आपल्या देशात रुजवण्यात डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा होता. १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत त्यांनी हे काम केलं. मूळचे ते आपल्या सातारा जिल्ह्यातले. तिथे चिठ्ठी शेत निवडण्यासाठी, इथे चिठ्ठी कोणाला काय द्यायचं ते ठरवण्यासाठी, एवढा फरक. तत्त्व एकच, की माणसाची मर्जी मधून काढून टाकायची.

मुलांच्या बाबतीत हे कुणी केलं आहे का? केलं आहे, आणि ती कहाणी ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ साली गरिबीविरुद्ध मोहीम उघडली. तिचा एक भाग म्हणून १९६५ मध्ये 'अपवर्ड बाउंड' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गरीब घरांतली, आईवडील पदवीपर्यंत न शिकलेली शाळकरी मुलं निवडायची, वर्षभर त्यांची जादा तयारी करून घ्यायची, उन्हाळ्यात काही आठवडे त्यांना कॉलेजच्या आवारातच राहायला न्यायचं. आमच्या वर्गाचाच थोरला भाऊ म्हणा ना! हा कार्यक्रम आजही चालू आहे.

पंचवीसेक वर्षं झाल्यावर तिथल्या सरकारने आमच्या बँकवाल्या विश्वस्तांचाच प्रश्न विचारला. १९९२ ते १९९४ या काळात देशभरातल्या ६७ केंद्रांवर आलेल्या अर्जांतून चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली. नाव निघालं ती कार्यक्रमात, नाही निघालं ती बाहेर. दोन्ही मिळून सुमारे २८०० मुलं. मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेने त्यांचा पुढे कित्येक वर्षं माग ठेवला. शेवटचा अहवाल २००९ साली आला.

निष्कर्ष अनेकांना झोंबला. एकूण हिशेबात, कॉलेजात जाण्याच्या किंवा पदवी मिळवण्याच्या प्रमाणात दोन गटांमध्ये ठळक फरक दिसला नाही. एक फरक दिसला तो व्यवसाय शिक्षणाच्या प्रमाणपत्रांमध्ये. आणि दुसरी एक गोष्ट दिसली, तिने माझी झोप उडवली. ज्या मुलांनी सुरुवातीला 'मी पदवीपर्यंत पोचेन असं मला वाटत नाही' असं सांगितलं होतं, त्यांच्यात मात्र कार्यक्रमाचा परिणाम चांगला दिसत होता. जी पोचणारच होती, ती कार्यक्रमाशिवायही पोचली. आम्ही तर दहावीचे गुण बघून नेमकी पोचणारीच मुलं वेचत होतो!

अर्थात या निष्कर्षावर वाद झाला, आणि तो वादही शिकण्यासारखा आहे. नमुना असा निवडला होता की हिशेबात एकट्या एका केंद्राला एकूण वजनाच्या चौथाईहून अधिक वजन मिळालं होतं. ते केंद्र बाकीच्यांसारखं नाही, ते बाजूला काढून मोजा, असं काही जाणकारांनी म्हटलं. तसं मोजल्यावर कार्यक्रमाच्या बाजूने आकडे आले. आणखी एक गोम अशी, की ज्यांचं नाव निघालं नाही ती मुलंही हातावर हात ठेवून बसली नव्हती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी दुसरीकडून कुठून तरी मदत मिळवली होती. म्हणजे तुलना 'मदत आणि काहीच नाही' अशी उरली नाही, 'ही मदत आणि ती मदत' अशी झाली. आपल्याकडेही वर्गात न घेतलेलं मूल गावातल्या शिकवणीला जातंच की.

हे वाचून आम्ही ठरवलं की आपणही चिठ्ठ्या टाकायच्या. सहकाऱ्यांपैकी दोघांचा कडक विरोध होता. 'हुशार पोराला डावलून चिठ्ठीवर मुलं घ्यायची? हे काय मटका केंद्र आहे का?' असं एक जण म्हणाले. त्यांचा राग मला समजत होता. अमेरिकेतही २००६ मध्ये सरकारने दुसऱ्या तपासणीचा घाट घातला. त्यात केंद्रांनी जागांपेक्षा मुद्दाम जास्त मुलं गोळा करायची आणि मग निम्म्यांना परत पाठवायचं, अशी अट होती. त्यावर एवढं काहूर उठलं की संसदेने ती तपासणी थांबवली आणि २००८ च्या कायद्यात असल्या पद्धतीला मनाईच केली. मला हे पटतं. अर्ज मुळातच जास्त आलेले असतील तर चिठ्ठी ही निवडीची न्याय्य रीत आहे. पण मोजमापासाठी आशा दाखवून मुलं बोलवायची आणि मग परत धाडायची, हे चूक.

आमच्याकडे जागा चाळीस होत्या, अर्ज साठाच्या वर. शाळेच्या व्हरांड्यात पालकांसमोर एका स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या आणि बालवाडीतल्या एका पोरीला काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई माझ्या घरी आल्या. मजुरीला जाता जाता वाटेत थांबल्या होत्या, हातात डबा होता. म्हणाल्या, "सर, आमच्या पोरीची चिठ्ठी त्या डब्यात होती ना?" मी उरलेल्या चिठ्ठ्यांतून तिच्या नावाची काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, वाचता येत नव्हती तरी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "मग पुढल्या वर्षी नंबर लागंल का?" मुलगी बारावीला होती. तिला पुढलं वर्ष नव्हतं.

त्या गेल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. मग एक गोष्ट आठवली. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' उपक्रम चालवला. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज दोन तास वेगळं शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा परिणाम मोजला. या दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते हेच. तर तिथे त्यांनी युक्ती अशी केली, की काही शाळांत बालसखी एका इयत्तेला दिली, बाकीच्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. त्यामुळे प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं, आणि तुलनाही झाली. मुलांचे गुण वाढले, हे दिसलं. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं तर वाढीचा बराचसा भाग ओसरला होता, हेही दिसलं. लगेच मोजून थांबले असते, तर दुसरी गोष्ट कळली नसती.

आम्हीही मग तसंच केलं. शिकवण्याच्या वर्गाला मुलं चिठ्ठीने घेतली. पण प्रवेश अर्ज आणि दाखल्यांची मदत मात्र अर्ज केलेल्या सगळ्यांना द्यायची ठरवली. त्यामागेही एक कारण होतं.

२००८ साली अमेरिकेत ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत एक प्रयोग झाला. तिथे कॉलेजसाठी सरकारी अर्थसाहाय्य हवं तर एक किचकट अर्ज भरावा लागतो. करविवरणपत्रं भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत कमी उत्पन्नाची कुटुंबं येत. संशोधकांनी चिठ्ठीने काहींना तिथल्या तिथे तो अर्जही भरून द्यायची सोय केली. कराच्या कागदांत बहुतेक माहिती होतीच, त्यामुळे काम दहा मिनिटांच्या आतलं. काहींना फक्त माहिती दिली, की तुम्हाला एवढी मदत मिळू शकते. माहिती दिलेल्यांमध्ये काहीच फरक पडला नाही. अर्ज भरून दिलेल्या घरांतली शाळा संपवणारी मुलं मात्र ३४ टक्क्यांऐवजी ४२ टक्के कॉलेजात गेली. आठ टक्क्यांचा हा फरक फक्त एका अर्जाने पडला! आम्ही इतकी वर्षं 'शिष्यवृत्तीच्या संधी' या विषयावर तासभर व्याख्यान ठेवायचो. म्हणजे नेमकी निरुपयोगी ठरलेली गोष्ट करत होतो.

आपल्याकडे तर कागदांची जत्राच असते. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, अधिवास, आधारला जोडलेलं बँक खातं आणि महाडीबीटीचा तो संकेतस्थळावरचा अर्ज. एका कागदावर 'सुनीता' आणि दुसऱ्यावर 'सुनिता' झालं की आठवडा गेला. सेतू केंद्राच्या रांगेत वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडतो. प्रवेशाची मुदत संपते ती अशी.

आता काय मोजायचं, ते सांगतो. पूर्वी मी प्रवेश मोजायचो. पण प्रवेश म्हणजे पावती. जूनमध्ये प्रवेश घेतलेलं मूल ऑक्टोबरमध्ये बाकावर दिसतं का, हा खरा प्रश्न. बारावी आणि कॉलेजचा पहिला तास यांच्या मधल्या काळात मुलं कुठेतरी गळतात. अमेरिकेत याला 'उन्हाळ्यातलं वितळणं' असं नाव पडलं आहे, कारण मधली सुट्टी तिथे उन्हाळ्यात येते. आपल्याकडे ती गळती पावसाळ्यात होते.

म्हणून आम्ही अर्जावर तीन फोन नंबर घेऊ लागलो. घरचा, मामाचा किंवा आत्याचा, आणि शेजारचा. सिमकार्डं बदलतात, मामा बदलत नाही. आणि निवड न झालेल्या मुलांचेही नंबर तितक्याच काळजीने जपायला लागलो. बहुतेक संस्था इथे चुकतात. आपल्या मुलांना दहा वेळा फोन करतात आणि बाकीच्यांना एकदा. मग जे सापडले नाहीत ते 'गेले नाहीत' असं लिहून मोकळे होतात. हा हिशेब खोटा असतो, आणि खोटा आहे हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. माहिती घेताना पालकांची लेखी संमतीही घ्यायला हवी. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालकच आहे. त्याहून साधी गोष्ट म्हणजे, कुणाची जात आणि उत्पन्न लिहिलेला कागद शाळेच्या फळ्यावर लावू नये. आमच्याकडून एकदा तो लागला होता.

वर्गाआधी एक चाचणी आणि नंतर एक चाचणी, एवढ्यावरच समाधान मानणारेही पुष्कळ आहेत. त्यात एक फसवणूक आहे. पहिल्या चाचणीत तळाला असलेली मुलं दुसऱ्या चाचणीत आपोआप थोडी वर येतात. त्या दिवशी कुणाला ताप असतो, कुणाची एसटी चुकलेली असते, कुणाचा अंदाज चुकलेला असतो. ते वाईट दिवस पुन्हा सगळे एकदम येत नाहीत. १८८६ साली फ्रान्सिस गाल्टनने आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून हेच दाखवलं होतं. फार उंच आईबापांची मुलं सरासरीकडे झुकतात, फार ठेंगण्यांचीही तशीच. म्हणून फक्त कच्ची मुलं निवडून वर्ग घेतला आणि मग 'सगळे सुधारले' म्हटलं, तर त्यातली काही सुधारणा शिक्षकाची आणि काही गाल्टनची.

चाचणी नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. मूल कुठे उभं आहे हे कळायलाच हवं. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे चौथाईला दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सराईतपणे वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जेमतेम ४३ टक्क्यांना जमलं. अशा मुलासमोर आम्ही टिपणं काढण्याची कला मांडून बसत होतो.

तर आमच्या चिठ्ठीच्या पहिल्या वर्षाचा निकाल काय लागला? ऑक्टोबरमध्ये फोन पुरे झाले, तेव्हा दोन्ही गटांत साधारण दहातली सात मुलं कॉलेजात जात होती. वर्गाला बसलेली आणि न बसलेली, सारखीच. मी आकडे तीनदा तपासले.

इंग्रजी शिकवणारे आमचे तरुण सहकारी गप्प झाले. त्यांचं शिकवणं उत्तम होतं, मुलांचा जीव होता त्यांच्यावर. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. चाळीस आणि वीस मुलांची तुलना करताना पंचवीस टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे खरोखर दहा टक्के फरक असता, तरी एवढ्याशा मुलांत तो दिसला नसता. 'फरक दिसला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. चारशे आणि दोनशे मुलं असतील तर हीच मर्यादा आठ टक्क्यांवर येते. त्यासाठी बरीच वर्षं थांबावं लागेल, नाहीतर शेजारच्या तालुक्यांतल्या वर्गांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवून त्या एकत्र कराव्या लागतील. ते म्हणाले, "म्हणजे सर, तुम्हीही सांगू शकत नाही." मी म्हटलं, नाही सांगू शकत. पण पूर्वी मी सांगत होतो, ते चूक होतं.

मात्र जी मुलं कॉलेजात नव्हती, त्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो. त्यांच्याशी बोलल्यावर मला अहवालापेक्षा जास्त कळलं. दोन मुली एकाच वाडीच्या होत्या. कॉलेज सकाळी साडेसातला, वाडीवरची पहिली एसटी नऊची. शिवाय बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. पुढे तो सवलतीत मिळतो, पण पैसे भरून. घरच्यांनी तेवढ्यावर थांबवलं होतं. इंग्रजीचा यात काय संबंध? आणि ज्या बाई सकाळी डबा घेऊन माझ्याकडे आल्या होत्या, त्यांच्या मुलीपुढेही माझ्या तक्त्यात 'नाही' लिहिलेलं होतं. चौकशी केली तर तिने जिल्ह्याच्या ठिकाणी नर्सिंगच्या जीएनएमला प्रवेश घेतला होता! आमच्या फॉर्मवर 'महाविद्यालय: होय / नाही' एवढंच होतं. तिच्या आईला मी फोनवर म्हटलं, आमच्या कागदावर चूक होती. त्या म्हणाल्या, "कागदाचं काय घेऊन बसलात सर, पोरगी ड्रेसमधी लई छान दिसती."

तो रकाना आम्ही बदलला. आता कॉलेज, नर्सिंग, आयटीआय, पदविका, नोकरी, घरी, लग्न, असे वेगवेगळे रकाने आहेत. रकान्यांबाबत एक भीती मात्र मनात ठेवावी लागते. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ती नेमकी सांगितली होती. एखाद्या आकड्यावर निर्णय आणि पैसा अवलंबून राहायला लागला की माणसं तो आकडाच वाकवायला लागतात. ऑक्टोबरच्या हजेरीवर अनुदान ठरलं, तर उद्या आम्हीच वाडीवरच्या मुलींचे अर्ज घ्यायला नाखूश होऊ. म्हणून विश्वस्तांना आम्ही सांगितलं, आकडे तुम्हाला सगळे दाखवू, पण त्यांवरून दर वर्षी पैसे कापू नका. बँकवाल्यांनी मान्य केलं, थोडं कुरकुरत.

पासाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ पासून 'असॅप' नावाची योजना चालवली आहे. कच्च्या तयारीने आलेल्या गरीब विद्यार्थ्यांना तीन वर्षं मदत देतात. उरलेली फी, पुस्तकं, एक सल्लागार आणि दर महिन्याचा बस-रेल्वेचा पास. सल्लागाराला भेटायला या, पास घेऊन जा. २०१० मध्ये सुमारे नऊशे विद्यार्थ्यांची चिठ्ठीने विभागणी करून हे तपासलं. तीन वर्षांत पदविका पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २२ वरून ४० टक्क्यांवर गेलं. पुढे ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांतही अशीच योजना केली, तिथेही ते जवळजवळ दुप्पट झालं. या क्षेत्रात एवढा मोठा परिणाम क्वचितच दिसतो. मदतीतल्या कोणत्या एका गोष्टीने तो झाला, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पण ही मदत प्रवेशापाशी थांबत नाही, पुढे तीन वर्षं चालते, एवढं तर दिसतंच.

आम्ही रविवारचे तास निम्मे केले. इंग्रजीचे सहकारी थोडे नाराज आहेत, पण सोडून गेलेले नाहीत. आता ते वाचनापासून सुरुवात करतात. वाचलेल्या पैशांतून वाडीवस्तीच्या मुलींचा पहिल्या सहामाहीचा पास काढतो. साडेसातच्या तासासाठी एसटीच्या आगारप्रमुखांना अर्ज दिला आहे, त्याचं उत्तर यायचं आहे. दाखल्यांसाठी मे महिन्यात दोन शनिवार शाळेतच टेबल मांडतो. चिठ्ठ्या अजून टाकतो, शेजारच्या तालुक्यातल्या एका वर्गानेही याच पद्धतीने सुरुवात केली आहे. दोघांच्या मिळून तीन तुकड्या झाल्या की आकडे एकत्र मांडू. तिसऱ्या तुकडीचे फोन या ऑक्टोबरात करायचे आहेत. नंबरांची वही माझ्याकडे आहे, आणि तिची एक प्रत बँकवाल्यांकडे.